सव्वीस जणांचं एकच मत

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. शनिवारी तुमचं पाकीट मिळालं. आत सव्वीस प्रश्नावल्या होत्या. मीही सव्वीसच पाठवल्या होत्या. एकही गहाळ नाही.

२. प्रत्येकीत अठरा विधानं आहेत. प्रत्येकासमोर पाच पर्याय, 'अजिबात पटत नाही'पासून 'पूर्ण पटतं'पर्यंत.

३. तुमच्या लाँड्रीतल्या सव्वीसही जणांना अठराही विधानं पूर्ण पटतात.

४. चारशे अडुसष्ट खुणा एकाच निळ्या पेनाने केलेल्या आहेत. प्रत्येक खुणेची शेपटी शेवटी जरा खाली वाकते. ही शेपटी मी तुमच्या पत्रांत पाहिलेली आहे.

५. आकडे संगणकात भरले. सगळी उत्तरं तंतोतंत सारखी असली की फरक मोजायला काही उरत नाही. संगणकाने तसं कळवलं.

६. सोमवारी ते मार्गदर्शक बाईंना दाखवलं. त्या हसल्या. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

लघुप्रबंधाचा विषय तुम्हाला माहीत आहे: कामगाराने सुचवलेली गोष्ट वरपर्यंत पोचते का. तो पंधरा एप्रिलला द्यायचा आहे, तरच मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदवी या वर्षी मिळेल. मला फक्त एवढंच हवं आहे: प्रश्नावल्या कोणी, कुठे आणि कशा भरल्या. राग नाही. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही स्वतः रचता.

तुमची भाची

---

८ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

'राग नाही' हे वाचलं आणि मला तुझी आई दिसली. लहानपणी ताईही अशीच ओठ मिटून 'मला कुठे राग आलाय' म्हणायची आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलायची नाही.

अगं, कसं भरलं म्हणजे काय? व्यवस्थित भरलं! बुधवारी चहाच्या सुट्टीत यंत्रं बंद केली, सगळ्यांना चादरींच्या ढिगापाशी बोलावलं, एक टब उलटा केला आणि त्यावर उभा राहिलो. एकेक वाक्य वाचायचं आणि म्हणायचं, "पटतं त्यांनी हात वर करा." दर वेळी सव्वीसच्या सव्वीस हात! तू लिहिलं होतंस, प्रत्येकाने स्वतः भरायचं. पण सव्वीस माणसं अर्धा-अर्धा तास कागद घेऊन बसली तर दवाखान्याच्या चादरी काय तुझ्या बाई धुणार? मी दुपारी बसून सगळ्यांच्या वतीने खुणा केल्या. मनगट सुजलं. मामीने शेकलं.

घडी घालणाऱ्या ताई मध्येच काहीतरी बोलत होत्या, मागचे दोघं-तिघं हसलेही. मीही हसलो, "बरं बरं" म्हणालो आणि पुढचं वाक्य वाचलं. माझ्याबद्दलच्या वाक्याला तर काहींनी दोन्ही हात वर केले. मी प्रामाणिकपणे एकच धरला.

खरं सांगू, माझा ऊर भरून आला. बत्तीस वर्षं झाली इथे, कधी कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. मालकीणबाई नवी इमारत घेताहेत. दोन्हींकडे मिळून एकच सुपरवायझर नेमणार आहेत, महिनाअखेरीस नाहीतर पुढच्या महिन्यात. त्यांना मी सांगून टाकलं की विद्यापीठाच्या संशोधनात आपण शंभर टक्के निघालो. त्या म्हणाल्या, अहवाल आला की दाखवा.

एक मात्र लक्षात ठेव. माझ्या कानाचं इथे कुणाला ठाऊक नाही. बोलायचं नाही आणि लिहायचंही नाही. बहिऱ्या माणसाच्या हाती दोन इमारती कोण देईल?

तुझा मामा

---

१२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुमच्या पत्रावरून सगळं समजलं. असं काही झालं असेल हे मला स्वतःहून सुचलं नसतं.

मी आधी तापमापकं तपासायच्या कामावर होते. तिथे नवीन माणूस पहिल्या दिवशी हमखास एक चूक करतो. तापमापकाचं टोक बोटांत धरतो आणि खोलीचं तापमान वाचतो. मिळतं ते त्याच्या बोटांचं तापमान. यंत्र बरोबर, आकडा बरोबर, उत्तर चुकीचं. 'सुपरवायझर सगळ्यांना सारखं वागवतात' हे वाक्य सुपरवायझरनेच टबावर उभं राहून वाचलं आणि हात मोजले, की तेच होतं.

चूक तुमची नाही. कसं भरायचं याच्या सूचना मी वेगळ्या कागदावर, ठसठशीत लिहून जोडायला हव्या होत्या. एका ओळीत भागवलं, कारण मला वाटलं, एवढं सगळ्यांना कळतं. पद्धतीच्या पुस्तकात या चुकीला लांबलचक नाव आहे. बाई त्याला आळस म्हणतात.

आता पुन्हा. शनिवारी एकवीस तारखेला अकरा वाजता मी स्वतः येते. मालकीणबाईंची लेखी परवानगी घेतली आहे. कागदावर नाव नसेल, क्रमांक नसेल. एकेकाने मोजणीच्या खोलीत एकट्याने बसून भरायचा आणि दुमडून बंद पेटीत टाकायचा. पेटी मी आणते. नंतर चिठ्ठ्या टाकून तिघांना निवडेन आणि त्यांच्याशी बोलेन. अकरा ते दोन तुम्ही आवारात नसावं. मामींना चपला घ्यायच्या आहेत असं आईकडून कळलं.

आधीचा निकाल रद्द झाला हे मालकीणबाईंना कळवलं आहे. शंभर टक्के हा आकडा कृपया पुन्हा वापरू नये.

कानाबद्दल मी कुणाला बोलणार नाही. शब्द दिला.

तुमची भाची

---

२४ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस आशीर्वाद.

आज्ञेप्रमाणे बाजारात गेलो. तुझ्या मामीने नऊ जोड घालून पाहिले आणि पहिला घेतला. वाटेत तिला टबाची गोष्ट सांगितली. भर रस्त्यात थांबली आणि म्हणाली, "स्वतःबद्दल स्वतःच विचारायचं, स्वतःच खुणा करायच्या आणि वर भाचीला पाठवायचं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

आता एक कबूल करतो. मी दोनला नाही, दीडला आलो. आत आलो नाही! बॉयलरमागच्या खिडकीशी उभा होतो. दिसलं ते सांगतो. आमचा इस्त्रीवाला, वर्षाला चार वाक्यं बोलणारा माणूस, तुझ्यासमोर हातवारे करून नुसता बोलत होता. तू मान खाली घालून लिहीत होतीस. काय बोलत होता तो? मी आत गेल्यावर घडीवाल्या ताईंनी मला सगळ्यांच्या आधी चहा दिला. आजवर कधी दिला नाही. हे लक्षण चांगलं की वाईट?

मोजपट्टे, एक आकडा सांग. एकच. मी कुणालाही सांगणार नाही, मामीलासुद्धा नाही. बरं, मामीला सांगेन. पण तिच्यापुढे जाणार नाही.

तुझा मामा

---

७ मार्च

प्रिय मामा,

उत्तराला अकरा दिवस लागले. कामामुळे नाही.

तुम्ही खिडकीशी होता हे मला दिसलं होतं. बाईंना ते सांगावं लागलं. तेव्हा पेटी बंद झालेली होती, म्हणून निभावलं.

कोणी काय लिहिलं ते मला माहीत नाही. मुलाखतीत कोण काय म्हणालं ते माहीत आहे, पण सांगणार नाही. उदाहरणंही देत नाही, उदाहरणावरून माणूस ओळखू येतो. मात्र सुपरवायझर एकच असल्यामुळे सरासरी तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

अठरापैकी सतरा विधानांची सरासरी पाचपैकी ४.३ आहे. हे पुष्कळ आहे. बाईंनी इतर ठिकाणच्या अभ्यासांशी ताडून पाहिलं आणि मला दोनदा विचारलं, या वेळी तरी पेटी बंद होती ना. 'अडचणीच्या वेळी सुपरवायझर सांभाळून घेतात' याला ४.९.

अकरावं विधान: 'मी काही सुचवलं तर त्याचं पुढे काय झालं ते मला कळतं.' याला १.४.

तिन्ही मुलाखतींत एकच गोष्ट आली. माणूस काही सांगतो, साहेब हसतात, 'बरं बरं' म्हणतात आणि पुढे काहीच होत नाही. पुन्हा सांगितलं तरी तेच. तिघांनीही स्वतःपुरतं कारण शोधलं आहे: साहेब मनाने चांगले, पण आमच्या बोलण्याला त्यांच्या लेखी किंमत नाही.

खरं कारण मला माहीत आहे. यंत्रं चालू असताना तुम्हाला त्यांचं बोलणं ऐकूच येत नाही. पण हे मला भाची म्हणून माहीत आहे, अभ्यासातून मिळालेलं नाही. कारण लिहिलं तर दिलेला शब्द मोडतो. नुसता १.४ लिहिला तर वाचणारा म्हणेल, हा सुपरवायझर माणसांना मोजत नाही. प्रबंध ग्रंथालयात ठेवतात. मालकीणबाईही वाचू शकतात. आणि ते खोटं असेल. तापमापकांबद्दल मी कधी खोटी नोंद केली नाही, तुमच्याबद्दल करायची इच्छा नाही.

काय करावं, कळवा.

तुमची भाची

---

१० मार्च

चि. मोजपट्टीस,

अकरावा प्रश्न वगळ.

सतरा काय थोडे झाले? सतरा गुणांवर माणसं पास होतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. मालकीणबाईंनी इमारतीचं अजून ठरवलेलं नाही. एवढं कर मामासाठी.

मी माणसांना मोजत नाही? मी? यांच्या पोरांची शाळा, म्हाताऱ्यांची दुखणी, कुणाच्या कोणत्या खांद्याला उसण भरते, सगळं मला पाठ आहे.

मामा

---

१४ मार्च

प्रिय मामा,

एक प्रश्न वगळता येत नाही. नको असलेलं उत्तर काढून टाकणं याला पद्धतीच्या पुस्तकात नाव आहे आणि ते लांबलचक नाही.

पण अख्खा कारखाना वगळता येतो. कोणत्याही टप्प्यावर अभ्यासातून बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे, तो मीच पहिल्या कागदावर छापला होता. तेव्हा मी तुमची लाँड्री प्रबंधातून काढते आहे. एका छापखान्याशी बोलणी चालू आहेत. तिथे सगळं नव्याने करून प्रबंध पुढच्या सत्रात देईन. मालकीणबाईंना फक्त 'अभ्यासाची जागा बदलली' एवढं कळवेन. तुमची गोष्ट तुमच्यापाशीच राहील.

यात माझी काही अडचण नाही.

मामींच्या चपला टाचेला चावत असतील तर आतून मेण घासावं.

तुमची भाची

---

२६ मार्च

चि. मोजपट्टीस अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं 'काही अडचण नाही' मामीला वाचून दाखवलं. तिने कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः वाचला आणि म्हणाली, "जिला अडचण नसते ती असं वेगळ्या ओळीत लिहीत नाही. ताईंना विचारा."

ताईला लिहिलं. तिचं उत्तर आलं, चार ओळी. तुझ्या ऑफिसात मनुष्यबळ विभागातली जागा मे महिन्यात भरायची आहे, पदवी हातात असेल तरच ती तुला, आणि तू हे घरातही बोलली नाहीस. तुझ्या टेबलावरचं पत्र तिने वाचलं म्हणून कळलं. शेवटची ओळ अशी: 'ती तुझ्यावरच गेली आहे, लपवाछपवीत.'

तीन दिवस मी कुणाला 'बरं बरं'सुद्धा म्हणालो नाही. सोमवारी चहाच्या सुट्टीत यंत्रं बंद केली आणि पुन्हा टब उलटा केला. इस्त्रीवाल्याने लगेच हात वर केला. मी म्हणालो, "आज हात नकोत. आज मी सांगतो. मला डाव्या कानाने काही ऐकू येत नाही. उजव्याने, यंत्रं बंद असली तर थोडंफार. सात वर्षं झाली. मी लपवलं."

एकदम शांतता पसरली. म्हणजे मला तरी तसं वाटलं.

मग घडीवाल्या ताई पुढे आल्या, अगदी माझ्या तोंडासमोर, आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "म्हणजे साहेब, ट्रॉली उंबऱ्याला अडते हे दोन वर्षं मी तुमच्या डाव्या कानाला सांगत होते?"

मी म्हणालो, "कुठली ट्रॉली?"

काय हसली म्हणतेस माणसं! ते मात्र मला ऐकू आलं. ताई खाली चादरींवरच बसल्या. "दर वेळी म्हणायचे 'बरं बरं'! मी घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे, आज साहेब बरं म्हणालेत, उद्या उंबऱ्याला फळी बसणार. नवरा म्हणाला, कसली फळी, तुला खुळी समजतात ते."

इस्त्रीवाला म्हणाला, "आम्ही तुम्हाला बरंबरं साहेब म्हणतो."

"कधीपासून?"

"पाच वर्षं. तुमच्यासमोरच म्हणतो."

आणि ऐक, त्या पहिल्या दिवशी मी हात मोजत होतो तेव्हा घडीवाल्या ताई म्हणे ओरडून सांगत होत्या, "अकरावं पुन्हा वाचा, त्याला आमचा हात नाही, चहाची सुट्टी संपत आली म्हणून घाईने वर केलाय!" मी हसलो आणि बारावं वाचलं.

फळी त्याच दुपारी बसवली. वीस मिनिटं लागली. दोन वर्षं आणि वीस मिनिटं! आता चहाच्या टेबलाला एक वही दोरीने बांधली आहे. सुचवायचं ते लिहायचं, आणि मी त्याखाली दोन दिवसांत उत्तर लिहायचं. पहिल्या दिवशी एकोणीस सूचना आल्या. त्यातली सातवी: 'साहेबांनी टबावर चढू नये, टब आपला नाही, दवाखान्याचा आहे.' मान्य केली.

मग मालकीणबाईंकडे गेलो, ट्रॉली तर गेली, आता नोकरीही जाते का पाहू म्हटलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्ही फक्त माझंच ऐकत नाही." इमारतीचं काही बोलल्या नाहीत. कान तपासून या, मग बघू, म्हणाल्या. मिळेल, नाहीतर नाही मिळणार. परवाचा दिवस धरलाय तपासणीला, मामी बरोबर येतेय, तिच्या चपला आता चावत नाहीत.

तू लिही. अकरावा प्रश्न लिही, १.४ लिही, त्याचं कारणही लिही. छापखाना गेला उडत.

तुझा मामा

---

३१ मार्च

प्रिय मामा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

छापखान्याला नकार कळवला आहे. बाईंशी बोलले. वेळ पुरेल. लाँड्री पुन्हा घ्यायला त्यांची हरकत नाही. फक्त अकरावं विधान आत्ता पुन्हा विचारायचं नाही, असं त्यांनी बजावलं. फळी बसली त्याच महिन्यात कुणीही पाच देईल. सहा महिन्यांनी, वहीत उत्तरं लिहायचा तुमचा उत्साह ओसरल्यावर मोजायचं. तोवर १.४ हाच आकडा राहील.

आईने माझ्या टेबलावरची पत्रं वाचू नयेत असं मी तिला सांगितलं. ती 'बरं बरं' म्हणाली.

आता कामाचं. पत्रात 'तू लिही' असं लिहिणं संमती म्हणून चालत नाही. हे तुम्ही रागात, प्रेमात किंवा माझ्या नोकरीच्या काळजीत लिहिलं असेल, आणि त्यातलं काहीही पुरेसं नाही. म्हणून संमतीपत्राच्या दोन प्रती सोबत जोडल्या आहेत. प्रबंधात तुमच्याबद्दल येणारा मजकूर असा आहे:

'या विधानाची सरासरी कमी येण्याचं कारण पर्यवेक्षकाची अनास्था नसून त्याची कमी झालेली श्रवणशक्ती हे होतं. पद जाईल या भीतीने ती त्याने लपवली. कामगारांनी त्याच्या काही न करण्याचा अर्थ स्वतः लावला. दोन्ही बाजू एकमेकांशी चांगल्या वागत होत्या, आणि तरीही सात वर्षं एकही सूचना पोचली नाही.'

यातला शब्दही बदलावासा वाटला तर समासात लिहावं. काही खटकलं तर सही करू नये. त्या स्थितीत छापखान्याच्या जागी तिसरं काही शोधता येईल. मे महिन्यातली जागा हा तुमच्या निर्णयाचा भाग नाही. हे मी वेगळ्या ओळीत लिहिलेलं नाही, मामींना दाखवा.

शेवटच्या प्रकरणात अभ्यासाच्या मर्यादा लिहाव्या लागतात. संशोधकाचं मन आधीच कुठे कललं होतं ते वाचणाऱ्याला कळायला हवं. तिथे मी हे लिहिलं आहे:

'संशोधिका पर्यवेक्षकाची भाची आहे. हा माणूस चांगला आहे असं तिचं मत अभ्यास सुरू होण्याच्या बऱ्याच आधीपासून होतं. हे मत तटस्थ नाही. ते बाजूला ठेवण्याचा प्रयत्न केला, जमला नाही. मिळालेल्या माहितीतही ते बदलावं असं काही सापडलं नाही.'

बाईंनी ही ओळ ठेवायला सांगितली. ती खरी असल्यामुळे तुमच्या सांगण्यावरून काढता येणार नाही. छापून येण्याआधी तुम्ही वाचावी, एवढ्यासाठीच इथे उतरवली.

एक प्रत तुमच्याकडे ठेवावी. दुसरी, सही करून किंवा न करता, बुधवार ८ एप्रिलपर्यंत माझ्याकडे पोचावी.

तुमची भाची